अनुदान खुर्चीला द्या

'जाने भी दो यारों' या जुन्या हिंदी सिनेमाचं नाव काढलं की समोरचा माणूस थेट महाभारतावर उडी मारतो. गदाधारी भीम, द्रौपदीच्या साडीतलं प्रेत, आंधळ्या धृतराष्ट्राचं 'ये क्या हो रहा है?'. त्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या प्रसंगाला मीही दर वेळी पोट धरून हसतो. पण माझा लाडका प्रसंग त्याच्या बराच आधी येतो आणि तिथे फारसं कुणी हसत नाही. विनोद आणि सुधीर हे दोन कंगाल फोटोग्राफर आपल्या स्टुडिओत एक फोटो मोठा करत बसलेत. बक्षिसाच्या आशेने बागेत काढलेला फोटो, आणि त्यात मागे झुडपाशी काहीतरी आहे. आणखी मोठा करतात. आणखी. शेवटी पिस्तूल धरलेला माणूस दिसतो, आणि ज्या बिल्डरवर पाळत ठेवायचं काम त्यांना मिळालेलं असतं, तोच तो निघतो.

मी सोलापूरच्या नव्या पेठेत अठरा वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, म्हणून हा प्रसंग मला जरा जास्तच जवळचा. जिन्याखालची अंधारी खोली, लाल बल्ब, ओळीने तीन ट्रे: डेव्हलपर, पाणी, हायपो. डेव्हलपर वीस अंशांवर ठेवावा, असा नियम. सोलापूरच्या मे महिन्यात नळाच्या पाण्यातच चहापत्ती टाकावी अशी अवस्था, तिथे वीस अंश आणायचे कुठून? कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणून ट्रेखाली सरकवायचो. बर्फ वितळला की कागद टाकल्या टाकल्या काळवंडायचा आणि एक कागद गेला म्हणून दिवसभर चिडचिड.

एकदा एक गृहस्थ लग्नातला ग्रुप फोटो निगेटिव्हसकट घेऊन आले. मागच्या रांगेत डावीकडून तिसरे त्यांचे वडील. वडिलांचा दुसरा फोटो घरात नव्हताच. तेवढाच चेहरा मोठा करून हवा होता, भिंतीवर लावायला. निगेटिव्हचा एवढासा कोपरा इतका ताणला की चेहरा येत नाही, दाणे येतात, सुपात ज्वारी पसरल्यासारखे. दोन पावलं मागे सरकून डोळे बारीक केले की माणूस दिसतो, जवळ गेलं की ज्वारी. गृहस्थ आपणहून दोन पावलं मागे सरकले, बघत राहिले आणि म्हणाले, "हेच." पैसे घेताना कसंतरी झालं. पण घेतले.

तेव्हा सिनेमात निघतो तसा ठळक चेहरा झुडपातून निघत नाही, हे धंद्यामुळे मला ठाऊक आहे. दिग्दर्शक कुंदन शाहनाही ठाऊक असणार, कारण त्यांनी त्या बागेला नाव दिलंय आंतोनिओनी पार्क. आंतोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाच्या १९६६ सालच्या 'ब्लो-अप'मध्ये लंडनचा एक फोटोग्राफर असाच बागेतला फोटो मोठा करत जातो आणि जेवढा मोठा करावा तेवढी त्याचीच खात्री डळमळत जाते. आपल्या विनोद-सुधीरचं तसं होत नाही. फोटो मोठा होतो तशी त्यांची खात्री वाढत जाते: खून झालाय, अमक्याने केलाय, हा घ्या पुरावा. आणि तरीही पुढे काहीच होत नाही. त्या लंडनवाल्याला खरं काय ते कळत नाही याचा त्रास आहे. आपल्याला ते लख्ख कळलेलं असतं, त्याचं करायचं काय एवढंच कळत नाही.

हेरकथेचा वाचकाशी एक करार असतो. आमचे वडील गिरणीतली दुसरी पाळी संपवून आले की बाबूराव अर्नाळकरांचं पुस्तक उशाशी घेऊन पडायचे. धनंजय-छोटू काय, झुंझार काय, मधे कितीही गुंता होऊ दे, शेवटच्या चार पानांत सगळं उलगडणार, गुन्हेगार सापडणार आणि वडील दिवा मालवून झोपणार. 'जाने भी दो यारों'मध्ये हेरकथेचं सगळं सामान जागच्या जागी आहे. पाळत आहे, वेषांतर आहे, परवलीचं वाक्य आहे, सोन्याचं कफलिंक आहे, गायब होणारं प्रेत आहे. फसवणूक फक्त शेवटच्या चार पानांत होते. खुनी, त्याचा प्रतिस्पर्धी, नवे आयुक्त, वर्तमानपत्राची संपादक, सगळ्यांची आपसात तडजोड होते आणि कोसळलेल्या पुलाचं खापर या दोन पोरांवर फुटतं. कैद्याच्या कपड्यांत रस्त्याने चालताना दोघं कॅमेऱ्याकडे वळतात, गळ्यावरून हात फिरवतात. वडिलांनी हा सिनेमा आमच्या शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बघितला तेव्हा शेवटी ते म्हणाले, "एक रीळ राहिलं वाटतं."

चाहता म्हणून आणखी दोन-तीन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खुनी बिल्डर तरनेजा झालेले पंकज कपूर दोनच वर्षांनी, १९८५ मध्ये, दूरदर्शनवर गाजर खाणारे हेर करमचंद झाले. देशातल्या लहान पोरांनी त्यांना आधी हेर म्हणून ओळखलं आणि खुनी म्हणून नंतर, त्यामुळे आमच्या वयाचे लोक तरनेजाला बघताना अजूनही जरा गोंधळतात. भक्ती बर्वे मराठी माणसाला फुलराणी म्हणून पाठ. इथे त्या 'खबरदार'च्या संपादक आहेत आणि त्या बाईंचं हसणं इतकं गोड, की ती ब्लॅकमेल करतेय हे विनोद-सुधीरच्या आधी प्रेक्षकालाही पटत नाही. आणि आयुक्त डिमेलो झालेले सतीश शाह. उत्तरार्धात ते बहुतेक वेळ मेलेले असतात. त्यांना ओढलं जातं, बसवलं जातं, साडी नेसवली जाते, आणि पापणी हलत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ते खरोखर गेले, तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते हे प्रेतच. असं आठवणं बरं की वाईट, माहीत नाही, पण त्यांना आवडलं असतं असं वाटतं.

आता मुद्द्यावर येतो. हा सिनेमा कुणाच्या पैशातून झाला? तुमच्या-माझ्या. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने तो काढला, सात लाखांच्या आतबाहेर. पैशांची इतकी ओढाताण, की त्यातला निकॉन कॅमेरा नसीरुद्दीन शाहांचा स्वतःचा होता आणि तोही शूटिंगमध्ये चोरीला गेला म्हणतात. म्हणजे सरकारने पैसे दिले, त्या पैशातून आयुक्त विकला जातो असा सिनेमा निघाला आणि मग सरकारनेच त्याला पहिल्या चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक दिलं. सरकारी पैशाने सरकारची भाटगिरीच होणार, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांना मी गेली वीस वर्षं हेच उदाहरण देतो आहे.

पण १२ ऑगस्ट १९८३ ला लागलेला हा सिनेमा थिएटरात किती जणांनी बघितला? माझ्या ओळखीत तरी एकानेही नाही. आम्हा सगळ्यांचा तो दूरदर्शनचा सिनेमा. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्याची डागडुजी केलेली प्रिंट पुन्हा लागली, तीही निवडक शहरांतल्या मल्टिप्लेक्समध्ये. २०२२ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली २२०० चित्रपटांच्या जीर्णोद्धारासाठी ३६३ कोटी रुपये जाहीर केले. चांगलंच केलं. चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय पुण्यात आहे, आमच्यापासून अडीचशे किलोमीटरवर. जीर्णोद्धार केलेली मूर्ती तिथे गाभाऱ्यात. सोलापूरकराने दर्शन घ्यायचं कसं, याचं उत्तर त्या ३६३ कोटींत मला सापडलं नाही. राज्य सरकार मराठी चित्रपटांना दर्जा ठरवून अनुदान देतं, तेही निर्मात्याला. सिनेमा बनतो, पोस्टर लागतं, मल्टिप्लेक्समध्ये सकाळचा एखादा खेळ मिळतो, आणि तिकडे ऑफिसला गेलेला माणूस संध्याकाळी विचारतो तोवर पोस्टर उतरलेलं असतं. बनवायला पैसा आहे, जपायला पैसा आहे. दाखवायला नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की या पैशातला थोडा तरी खुर्चीला द्या. म्हणजे माझ्यासारख्याने तीस रुपयांचं तिकीट काढून, अंधारात, अनोळखी माणसांशेजारी ज्या खुर्चीवर बसून जुना सिनेमा बघावा, तिला.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं असतं: फोनवर आहे की सगळं. पुतण्या तर म्हणाला, "काका, महाभारतवाला सीन तेवढा बघितला, भारी आहे." तेवढाच! प्रेत द्रौपदी कसं झालं हे माहीत नसलेल्या माणसाला त्या प्रसंगात काय दिसत असेल, मी खरंच विचार करतो. पुलाखाली पुरलेला माणूस रंगमंचावर पोहोचेपर्यंत सगळ्या शहराचा कारभार आपण बघितलेला असतो, म्हणून तिथे फुटतो तो हशा. वाटीभर फोडणी नुसती खाल्ल्यासारखं आहे ते.

दुसरं उत्तर मला गेल्या डिसेंबरात मिळालं. सतीश शाह गेल्यापासून मनात होतं, म्हणून पूर्व भागातल्या एका मित्राच्या यंत्रमाग कारखान्याच्या पटांगणात आम्ही सुटीच्या रात्री हा सिनेमा लावला. प्रोजेक्टर भाड्याचा. पडद्यासाठी पांढरी चादर पाहिजे होती आणि सोलापुरात तीच सापडेना. प्रत्येक चादरीवर मोर नाहीतर फुलं. शेवटी मित्राच्या वहिनींनी लग्नाच्या बस्त्यातला पांढरा तागा काढून दिला, डाग पडला तर बघून घेईन या अटीवर. साठ-सत्तर माणसं जमली. निम्म्यांच्या घरी तेलुगू बोलतात, काहींच्या कन्नड, चार-पाच जण उर्दूवाले, आणि हिंदी सगळ्यांना येतं, प्रत्येकाला आपापल्या परीने.

पुढेच एक अव्वा, म्हणजे आजी, सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. हजार विड्यांचा हिशोब सिनेमासाठी थांबत नाही. पान कापलेलं, तंबाखू चिमटीत, गुंडाळी, दोरा, टोक दुमडलं, पुढची. नजर पडद्यावर, बोटं सुपात. बागेतला खून झाला, बोटं चालू. पुलाचं उद्घाटन झालं, बोटं चालू. मग दारू प्यायलेले ओम पुरी शवपेटीला बिघडलेली मोटार समजतात आणि आतल्या प्रेताला, बाबा तुझी गाडी मी ओढून नेतो, असा धीर देऊ लागतात. तिथे अव्वांची बोटं थांबली. तंबाखूची चिमूट तशीच हातात. त्या आधी नुसत्या हलायला लागल्या, मग आवाज आला, आणि त्यांचं हसणं बघून मागच्या तीन ओळी हसायला लागल्या, ज्यांना तो विनोद अजून पोहोचलाही नव्हता. हे फोनवर होत नाही. फोनवर माणूस नाकातून हवा सोडतो आणि पुढे सरकवतो.

खरा घोटाळा त्याआधी झाला होता. मेलेल्या आयुक्त डिमेलोंना तरनेजा श्रद्धांजली वाहतो आणि देशाची प्रगती ओळखायची तर गटारावरून ओळखा, असं गंभीर चेहऱ्याने सांगतो, नेमक्या त्या वेळी बोळातून आरोळी आली, "पाणी आलं!" आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, हे सोलापूरकराला सांगायची गरज नाही. बायका उठल्या, पोरं उठली, घागरींचे आवाज, मोटारी चालू झाल्या, दाब कमी झाला आणि पडद्यावरचा तरनेजा पिवळा पडून थरथरायला लागला. अर्ध्या तासाने लोक ओल्या पायांनी परत आले आणि म्हणाले, मागे घ्या, ते गटारीचं भाषण परत लावा. लावलं. आयुष्यात इतका मोठा हशा मी ऐकलेला नाही. त्या हशात भाषणातली निम्मी वाक्यं बुडाली म्हणून तिसऱ्यांदा लावावं लागलं.

आता कुणी म्हणेल, हसून काय झालं? पाणी रोज यायला लागलं का? नाही. सिनेमा येऊन चाळीस वर्षं होऊन गेली, मधल्या काळात २०१९ च्या मार्चमध्ये मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल रस्त्यावर पडून माणसं गेली. तपासणीत तो पूल ठीक ठरलेला होता. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आमचा नंबर नववा आला, तेव्हा पेढे वाटले गेले. व्यंगाने व्यवस्था हादरते वगैरे जे लिहिलं जातं, ते मला मान्य नाही. व्यवस्था विनोदाला घाबरत नाही, उलट भाषणात वापरते. मी त्यासाठी खुर्ची मागत नाहीच आहे. मी मागतोय कारण शहराच्या कारभारावर शहराने एकत्र बसून हसायची एकही जागा आमच्याकडे उरलेली नाही. सभेत घोषणा असतात, लग्नात जेवण असतं, गड्ड्याच्या यात्रेत गर्दी असते. माझ्या घरी पाणी येत नाही हे मला माहीत असतं. शेजारच्या पेठेतल्या अनोळखी माणसाला त्याच वाक्याला हसू फुटतं, हे मात्र हॉलमध्येच कळतं.

बरं, मागणी फार मोठी नाही. हुतात्मा स्मृती मंदिर आहे, फडकुले सभागृह आहे. नाटकांना, सत्कारांना दिलेल्या तारखा सोडून महिन्यातला एक रविवार निघू शकतो. महामंडळाने काढलेले सिनेमे त्यांच्याच कपाटात आहेत. त्यातले वीस-पंचवीस एकगठ्ठा, नाममात्र दराने, जिल्ह्याच्या गावांतल्या सभागृहांना द्यावेत. आज एखाद्या मंडळाला रीतसर परवानगी काढून जुना सिनेमा दाखवायचा तर हक्क कुणाकडे आहेत हे शोधण्यातच हेर व्हावं लागतं (आमच्या पटांगणातल्या खेळाच्या परवानगीबद्दल कृपया विचारू नका). स्वस्त तिकीट सरकारला समजत नाही असंही नाही. २०२५ च्या सप्टेंबरपासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी पाच टक्केच आहे. याच महामंडळाने एके काळी लहान गावांत थिएटरं बांधायला कर्ज देण्याची योजनाही चालवली होती. म्हणजे खुर्ची लागते हे कधीतरी कुणाला तरी सुचलेलं होतं.

लोक येणार नाहीत, हा आक्षेप मी थोडा तरी मानतो. पहिल्या रविवारी वीस माणसं येतील, त्यात सात माझे मित्र. दुसऱ्याला कदाचित पंधराच. पण हिशोब वर्षाचा धरावा, आणि तिकीटबारीबरोबर इतर गोष्टीही मोजाव्यात. वाचनालयात किती पुस्तकं धूळ खातात म्हणून आपण वाचनालयाला कुलूप लावत नाही. निदान लावू नये.

मी स्वतः सुरुवात करून बघितली. एका सभागृहाच्या कार्यालयात गेलो, कोणत्या ते जाऊ द्या. टेबलामागचे गृहस्थ सज्जन होते, चहा विचारला. अर्ज दिला. त्यात 'कार्यक्रमाचा प्रकार' असा रकाना आणि पुढे चौकटी: नाटक, गायन, व्याख्यान, सत्कार, शोकसभा, इतर. सिनेमाला चौकट नाही. 'इतर'वर खूण केली तर वेगळी परवानगी लागेल, ती कुठून मिळते ते बघावं लागेल, असं ते म्हणाले. मी थोडा वेळ पेन हातात धरून बसलो. मग 'शोकसभा'वर खूण केली. दिवंगत व्यक्तीचं नाव: आयुक्त डिमेलो.

गृहस्थांनी नाव वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "हे आपल्याकडे कधी होते?"